मालाचा दर्जा तपासून येतो की शिकवून?

मायक्रॉन (धागाकर्ता)

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांत दर्जा सुधारायचं मनावर घेतलं की पहिला निर्णय ठरलेला असतो: तपासणीला दोन माणसं वाढवा. ग्राहकाकडून माल परत आला, डेबिट नोट आली, की शंभर टक्के तपासणी लागू. माझं ठाम मत आहे की हा पैसा भलत्या जागी जातो. तपासणारा खराब नग बाजूला काढतो, पण तो बनायचा थांबत नाही. थांबवू शकतो तो मशीनवर उभा असलेला माणूस, आणि त्याला आपण काहीही शिकवलेलं नसतं. सायकल स्टार्ट कुठलं, इमर्जन्सी कुठलं, गेज कसा लावायचा एवढं दाखवलं की आपल्या लेखी ट्रेनिंग संपतं.

एक उदाहरण घ्या, सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असेल. ३० मिमीचा शाफ्ट, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे १५ मायक्रॉन, म्हणजे मिमीचे १५ हजारांश. ऑपरेटर मन लावून काम करणारा. नग मोजला, ८ मायक्रॉन मोठा आला, म्हणून त्याने लगेच ऑफसेट, म्हणजे टूलची जागा ठरवणारा आकडा, ८ ने खाली घेतला. पुढचा ७ लहान आला, मग ७ वर. दिवसभर हेच चालू. सुपरवायझरला वाटतं पोरगा किती काळजीने काम करतो! मशीन उत्तम असलं तरी नगानगात थोडा फरक पडतच असतो. त्या फरकाच्या मागे लागून दर नगाला ऑफसेट हलवला तर व्हेरियन्स (माप किती विखुरतं त्याचं गणिती माप) दुप्पट होतो, म्हणजे प्रमाण विचलन (त्याचं वर्गमूळ) साधारण ४१ टक्क्यांनी वाढतं. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग हेच फनेल आणि गोटी घेऊन प्रत्यक्ष दाखवत. इथे माणूस आळशी नाही, बेफिकीर नाही, मशीनही जुनं नाही. त्याच्या मेहनतीनेच माल बिघडतोय, कारण फरक आपोआप पडलेला कधी आणि काहीतरी बिघडल्याने पडलेला कधी, हे ओळखायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. अमेरिकेतल्या शूहार्टने त्यासाठीच १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट (मापांचे बिंदू मर्यादेच्या रेषांमध्ये मांडायचा तक्ता) काढला. शंभर वर्षं झाली. दहावी झालेल्या माणसाला तो दोन-तीन दुपारी बसवून शिकवता येतो.

जपानचं नाव आपण 'त्यांची शिस्तच वेगळी' म्हणून घेतो, पण त्यांनी केलं काय ते बघत नाही. १९५० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेने डेमिंगना व्याख्यानांना बोलावलं, १९५४ मध्ये गुणवत्तातज्ज्ञ जुरान गेले. इथवर सगळं साहेब लोकांसाठी होतं. पुढे त्यांनी हे ज्ञान फोरमनपर्यंत नेलं. १९५६ मध्ये रेडिओवरून फोरमनसाठी गुणवत्ता नियंत्रणाचे पाठ सुरू झाले. १९६२ मध्ये फोरमनना परवडेल असं मासिक निघालं, ते गटाने बसून वाचायचं, आणि त्या वाचनगटांतून क्वालिटी सर्कल, म्हणजे दर्जा सुधारणारे कामगारांचे गट, उभी राहिली. यामागे असलेले जपानी तज्ज्ञ इशिकावा सांगत की गुणवत्तेची सुरुवात शिक्षणाने होते आणि शेवटही शिक्षणानेच.

आणि आपल्याकडेही हे झालेलं आहे. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) पुण्यात १९६६ मध्ये पाय रोवला, पण इथे बनलेली पहिली गाडी बाहेर पडली १९७७ मध्ये. मधली वर्षं टूल रूम, मशीन बनवणं आणि अप्रेंटिस पोरं घडवणं यात गेली. टेल्कोचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी आधी माणसं तयार केली. पिंपरी-चिंचवडमधल्या कित्येक वर्कशॉपचे मालक त्या अप्रेंटिस शाळेतून बाहेर पडलेले आहेत.

विरोधी मतं असतील तर जरूर मांडा. हा विषय मला फार जवळचा आहे.

चाकणचा पुरवठादार

मायक्रॉन साहेब, तळमळ पोचली. पण तुम्ही पगारपत्रक हातात घेऊन लिहिलेलं नाही.

माझ्याकडे चाळीसेक माणसं आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. ती सात-आठ महिन्यांत बदलतात. का बदलतात ते सगळ्यांना माहीत आहे: २४० दिवस भरले की कायद्याने सलग सेवेचा प्रश्न उभा राहतो, म्हणून त्याआधी ब्रेक. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण ग्राहक दरवर्षी भाव कमी करून मागतो, पेमेंट ९० दिवसांनी देतो (कायदा ४५ दिवस सांगतो, तरीही), आणि पुढच्या महिन्याचं शेड्यूल निम्मं करून टाकतो. अशात कायम माणूस कुठल्या भरवशावर ठेवू?

ज्याला शिकवला तो शहाणा झाला की सहा महिन्यांत मोठ्या कंपनीच्या गेटवर. तुमचा कंट्रोल चार्ट माझ्या खर्चाने शिकायचा आणि वापरायचा दुसरीकडे. म्हणून मी पैसे फिक्श्चरमध्ये, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या साधनात, घालतो. फिक्श्चर राजीनामा देत नाही.

टेल्कोचं उदाहरण तर आजच्या जमान्यात लागूच होत नाही. तेव्हा ट्रक घ्यायला लोक नंबर लावून थांबत, परवान्यांचा काळ, स्पर्धा नाही. अकरा वर्षं माणसं घडवायला आज बँक कर्ज देईल का?

ऑडिटवाला

मी पुरवठादारांकडे ऑडिटला जातो. मायक्रॉन यांच्याशी माझे मतभेद जरा वेगळ्या बाजूने आहेत. माझ्या मते 'शिक्षण' हा आपल्या उद्योगातला सगळ्यात सोयीचा पळमार्ग झाला आहे.

कुठलाही ८डी रिपोर्ट (बिघाडाचं कारण आणि उपाय सांगणारा अहवाल) उघडा. बिघाडाचं कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला प्रशिक्षण दिले. पुरावा: सह्यांचा कागद. पुढच्या तिमाहीत तोच बिघाड, तोच उपाय, त्याच सह्या. फिक्श्चरची पिन झिजलेली, कूलंटमध्ये चिप्स, स्पिंडलला प्ले, या गोष्टींना पैसे लागतात, म्हणून त्या कुणी लिहीत नाही. 'शिकवलं' लिहायला काही लागत नाही.

तुम्ही डेमिंगचं नाव घेतलंत. त्याच डेमिंगचा अंदाज होता की ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या असतात आणि व्यवस्था व्यवस्थापनाच्या हातात असते. जपानी अभियंता शिगेओ शिंगोंचा पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, याच विचाराचा. भाग उलटा बसूच शकणार नाही अशी पिन लावा, भोक पाडायचं राहिलं तर क्लॅम्प सुटणारच नाही असा सेन्सर लावा. माणूस दमलेला असतो, घरी कुणी आजारी असतं, तिसऱ्या पाळीत पहाटे चारला डोळा लागतो. शिकलेल्याचाही लागतो. ज्याचा दर्जा माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहे असा ब्रेकचा भाग मी माझ्या गाडीला बसवून घेणार नाही.

मायक्रॉन

ऑडिटवाले, सह्यांच्या कागदाबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्या कागदाला शिक्षण म्हणू नका. मशीन बंद करून, दहा मिनिटं उभं करून एक पत्रक वाचून दाखवणं, हे जे चालतं त्याच्या विरोधातच मी बोलतोय.

पोका-योके मलाही हवा. पण एक प्रश्न. ऑडिटला गेल्यावर बायपास केलेले सेन्सर तुम्हाला किती ठिकाणी सापडतात? सेन्सर अधूनमधून विनाकारण ट्रिप होतो, उत्पादनाचा आकडा खाली जातो, आणि कुणीतरी वायर जोडून तो गप्प करतो. तो माणूस दुष्ट नसतो. सेन्सर कुठल्या बिघाडासाठी आहे, तो नसेल तर पुढे काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं. पाळी सुरू होताना मुद्दाम खराब नग घालून सेन्सर पकडतो का ते बघायचं असतं, ते रेड रॅबिट. ती तपासणी खरी करायची की वहीत नुसती टिक मारायची, हे ठरवणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

आणि पिन कुठे लावायची हे सुचतं कुणाला? भाग दिवसातून पाचशे वेळा हातात घेणाऱ्याला. फक्त ते मांडून सांगायची पद्धत त्याच्याकडे हवी. चेकशीट, पॅरेटो, माशाच्या काट्याची आकृती, हिस्टोग्राम, स्कॅटर, कंट्रोल चार्ट, वर्गीकरण: ही सात साधनं इशिकावांनी कामगारांसाठीच एकत्र बांधली. जागेवरचे ९५ टक्के प्रश्न यांनी सुटतात असं ते म्हणत.

डेमिंगच्या चौदा मुद्द्यांत शिकवण्याचे मुद्दे दोन आहेत. सहावा कामावरचं प्रशिक्षण आणि तेरावा प्रत्येकाचं शिक्षण व स्वतःची सुधारणा. म्हणजे ९४ टक्के दोष व्यवस्थेला देणारा माणूसही शिक्षण व्यवस्थेबाहेरचं मानत नव्हता.

चाकणचा पुरवठादार

चौथा मुद्दाही वाचून दाखवा ना मग. 'फक्त किमतीच्या चिठ्ठीवर खरेदी करू नका.' तो माझ्या ग्राहकाच्या पर्चेस खात्यात लावायला हवा.

आणि तांत्रिक शंका. टूल घासतं की नाही? इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत गेलं की शाफ्टचा व्यास वाढत जाणार. ऑपरेटरने ऑफसेट द्यायचाच नाही म्हटलं तर दुपारपर्यंत सगळा लॉट ओव्हरसाइज. तुमचा चार्टवाला धडा अर्धवट समजलेला पोरगा माझ्यासाठी जास्त धोक्याचा.

मायक्रॉन

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि माझं म्हणणं नेमकं याच जागी आहे. झीज असेल तर बिंदू एका दिशेने सरकत जातात. ओळीने सात बिंदू चढते, किंवा सात बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला, म्हणजे काहीतरी खरंच बदललंय. तेव्हा ऑफसेट द्यायचा, मोजून द्यायचा. बिंदू वर-खाली विखुरलेले असतील तर हात लावायचा नाही. कधी हात लावायचा आणि कधी नाही, एवढंच मला त्याला शिकवायचं आहे. हे मेंटेनन्सवाल्यांना सांगून होत नाही, कारण निर्णय दर नगाला घ्यायचा असतो आणि तिथे तो एकटाच असतो.

शिल्प निदेशक

आयटीआयमध्ये शिकवतो. आमची बाजूही ऐका.

फिटर ट्रेड दोन वर्षांचा. कार्यशाळा गणन व विज्ञान आणि अभियांत्रिकी चित्रकला असे विषय त्यात आहेत, म्हणजे मायक्रॉन म्हणतात त्यातलं बरंचसं अभ्यासक्रमात बसतं. पण लेखी परीक्षा आता संगणकावर, चारातला एक पर्याय निवडायचा. पोरगं सरावसंच पाठ करतं आणि पास होतं. मायक्रोमीटरचं लघुत्तम माप ०.०१ मिमी हे त्याला माहीत असतं. तोच मायक्रोमीटर हातात दिला तर रॅचेट (ठरावीक दाबाला सुटणारं टोक) सोडून थिंबलच (फिरवायची नळी) आवळतो आणि माप कमी येतं. उपकरणं कपाटात राहतात, कारण हरवलं किंवा पडलं तर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर येतं.

त्याहून खोल अडचण शाळेची आहे. 'प्रथम' या संस्थेच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना साधा भागाकार जमला नाही, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने. ही मुलं दहावीचं प्रमाणपत्र घेऊन माझ्यासमोर बसतात. मी त्यांना पाच नगांची सरासरी काढायला सांगतो आणि वर्ग गप्प होतो. माझे पहिले काही महिने दशांश अपूर्णांकात जातात. ०.५ मोठं की ०.०५, इथून. मायक्रॉनमध्ये टॉलरन्स ही फार पुढची गोष्ट. म्हणून 'दोन-तीन दुपारी शिकवता येतं' हे मला पटत नाही. जपानने रेडिओवरून शिकवलं तेव्हा ऐकणारा फोरमन वाचता-लिहिता, हिशेब येणारा होता. पाया शाळेने घालून दिलेला होता. तो सोडून फक्त छत उचललं तर राहणार नाही.

शिरोलीकर

कोल्हापूरकडचं सांगतो. आमच्याकडं फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचे कारखाने. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, सगळीकडं कास्टिंग. उद्यमनगरात कॉलेजचं तोंड न बघितलेल्या मेस्त्रींनी ऑइल इंजिनं उभी केली, त्यामुळं 'शिक्षण म्हणजेच दर्जा' म्हटलं की इथली जुनी माणसं मान हलवतात.

आमचे मेस्त्री साच्याची वाळू मुठीत दाबायचे, उघडायचे, मोडून बघायचे, आणि सांगायचे पाणी जास्त झालंय. लॅबमध्ये मोजलं तर साडेतीनला हवी ती साडेचार टक्के निघायची. ओलावा जास्त म्हणजे ब्लो होल (कास्टिंगच्या आत वायूने पडलेली पोकळी), आणि ब्लो होल मशीनिंग करताना उघडा पडतो, म्हणजे पुण्याला माल पोचल्यावर. एवढी मोठी विद्या, पण मेस्त्री रिटायर झाले की त्यांच्याबरोबर गेली. त्यांनी ती पोरांना सांगितली नाही, कारण सांगायची पद्धतच नव्हती. नव्या पोरांकडं मॉइश्चर मीटर आहे, स्ट्रेंथ, पर्मिएबिलिटी (वाळूतून हवा किती जाते) सगळं मोजतात आणि वहीत भरतात. वहीतला आकडा वाढला तर मिक्सरवाल्याला जाऊन सांगायचं, हे कुणाच्या डोक्यात नाही. मेस्त्रींना कारण ठाऊक होतं, आकडा नव्हता. ह्यांच्याकडं आकडा आहे, कारण नाही.

अजून एक. मोल्डिंगला, फेटलिंगला (कास्टिंग साफ करायला) आमच्याकडं आता बिहार-ओडिशाची पोरं आहेत. भिंतीवरची वर्क इन्स्ट्रक्शन इंग्रजीत, कारण ती ऑडिटवाले वाचतात. ज्याच्या डोक्यावर ती लावलीय त्याला एक ओळ कळत नाही. आधी ती हिंदीत, ओडियात, फोटो घालून लावा. चार्ट नंतर.

ऑडिटवाला

शिरोलीकर, भिंतीवरच्या इंग्रजीचा मुद्दा माझ्यावर आहे आणि तो योग्य आहे. आमच्या चेकलिस्टमध्ये 'वर्क इन्स्ट्रक्शन लावली आहे का' असतं. 'ऑपरेटर ती वाचून दाखवतो का' हे नसतं. असायला हवं.

तरी मेस्त्रींच्या गोष्टीतून मी वेगळाच निष्कर्ष काढतो. मिक्सरवर ओलावा आपोआप मोजून पाणी सोडणारी यंत्रणा बसवा. मग मूठही नको आणि वहीही.

शिरोलीकर

बसवलीय की बऱ्याच जणांनी. प्रोबवर वाळूचा थर चढला की ती खुशाल चुकीचं सांगते. थर चढलाय हे कुणी ओळखायचं?

दुसरी पाळी

रांजणगावला फायनल इन्स्पेक्शनला आहे. बारावी झालेली. इथे सगळे ऑपरेटरबद्दल बोलताहेत म्हणून आमच्याबद्दल लिहिते.

मला जॉइन झाल्यावर गो-नो गो गेज दिला आणि सांगितलं, गो गेला पाहिजे, नो गो अडला पाहिजे. बस. भाग कुठे बसतो ते माहीत नव्हतं. नंतर आलेल्या एका सुपरवायझर सरांनी मोबाइलवर असेंब्लीचा व्हिडिओ दाखवला. हा भाग ब्रेकमध्ये जातो, या कडेला बर (धातूची बारीक धार) राहिली तर सील फाटतं, तेल गळतं. त्या दिवसापासून मी ती कड नखाने बघते. ड्रॉइंगवर ती टीप आधीपासून होती, मला वाचता येत नव्हती एवढंच. शिकवल्याने फरक पडतो, मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

पण मायक्रॉन सर, तुम्ही एक गोष्ट सोडलीत. मला आता कळतं की लॉट खराब आहे. लाइन थांबवायचा अधिकार मला नाही. महिनाअखेर असली, गाडी भरायची असली की 'जाऊ दे, बघू' म्हणतात, आणि माल परत आला की तपासणाऱ्या मुलीचं नाव घेतात. आधी कळत नव्हतं तेव्हा निदान झोप लागायची. शिकवून गप्प बसवणार असाल तर त्या माणसावर तो अन्याय आहे.

मायक्रॉन

ताई, हा या धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद आहे. डेमिंगचा आठवा मुद्दा 'भीती घालवा' असा आहे, आणि तो सहाव्याला चिकटूनच यायला हवा. टोयोटामध्ये लाइनवरचा कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, याचं आपण कौतुक करतो. शिकलेल्या माणसाच्या हातात ती दोरी द्यायला मात्र घाबरतो. शिक्षण आणि थांबवण्याचा अधिकार, दोन्ही एकाच दिवशी द्यायला हवं.

स्टुटगार्टहून

मूळचा सांगलीचा, इथे मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे. मला मायक्रॉन यांची मागणी फारच कमी वाटते.

जर्मनीत औद्योगिक यांत्रिकाचं शिक्षण साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, आणि पहिल्या दिवसापासून पगार. मुख्य गोष्ट अशी की परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेतं. त्यामुळे त्या कागदाला देशभर किंमत असते. चाकणच्या दादांची 'शिकवला की जातो' ही भीती इथेही आहे, पण सगळेच शिकवतात म्हणून माणसं जातात तशी येतातही. आपल्याकडे शिकवणारा एक आणि उचलणारे दहा, म्हणून शिकवणारा मूर्ख ठरतो. हे एकट्या मालकाला सुटणार नाही. एमआयडीसीतल्या मालकांच्या संघटनेने मिळून केलं तरच.

चाकणचा पुरवठादार

आपल्याकडे कायदा १९६१ पासून आहे दादा. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१६ च्या योजनेत सरकारने स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, द्यायचं ठरवलं. प्रत्यक्षात काय होतं? अप्रेंटिसला पहिल्याच आठवड्यात उत्पादनाला लावतात, कारण तो स्वस्त पडतो. मधे 'नीम' या सरकारी प्रशिक्षण योजनेचे ट्रेनी होते, तेही तसेच. नाव ट्रेनिंगचं आणि काम ठेकेदाराच्या माणसाचं. मी हे नाकारत नाही, माझ्या आजूबाजूला रोज बघतो.

शिल्प निदेशक

म्हणूनच संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमकडे बोट दाखवतो. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा, प्रत्यक्ष कामावर भर. तिथल्या मुलांना नोकरी शोधत फिरावं लागत नाही. असं केंद्र प्रत्येक मोठ्या एमआयडीसीला का नाही, यावर कुणी मोर्चा काढत नाही.

मायक्रॉन

जर्मनीइतकं झालं तर मला आनंदच आहे. पण साडेतीन वर्षांच्या रचनेची वाट बघत उद्याची पाळी सोडायची का? महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये डेमिंग पुरस्कार मिळाला, २००७ मध्ये जपान क्वालिटी मेडल. कांदिवली, नागपूरचे हेच कामगार, याच शाळांतून आलेले.

माझा प्रस्ताव साधा आहे. आठवड्याला पाळीतला एक तास, पगारी. सुरुवात निदेशक सर म्हणतात तशी दशांशापासूनच. मग मायक्रोमीटर, मग स्वतःच्या मशीनचे नग मोजून हिस्टोग्राम, मग कंट्रोल चार्ट. आपला भाग गाडीत कुठे बसतो हे पहिल्याच तासाला. ठेकेदाराच्या माणसालाही बसवायचं.

चाकणचा पुरवठादार

चाळीस माणसं, एक तास, म्हणजे आठवड्याला चाळीस मनुष्यतास. रिजेक्शन कमी होऊन ते भरून निघतील, हे तुम्ही सांगणार आणि मी ऐकणार. चालेल, कायम असलेल्या माणसांवर आणि एकाच सेलवर (मशीनच्या एका गटावर) करून बघतो. ठेकेदाराच्या माणसांना नाही, ते सात महिन्यांत जाणार. आणि ग्राहकाने त्याच तिमाहीत पुन्हा भाव कापून मागितला, तर हा तास पहिला बंद होईल, हे आत्ताच लिहून ठेवतो.

दुसरी पाळी

रात्रपाळीत चुका जास्त होतात आणि रात्री ठेकेदाराचीच माणसं जास्त असतात. त्यांनाच वगळलंत तर मग कुणाला शिकवणार आहात?

ऑडिटवाला

मी माझ्या हातातलं सांगतो. ८डीमध्ये 'प्रशिक्षण दिले' एवढंच लिहून आलं तर मी तो परत पाठवणार. त्या ऑपरेटरने स्वतः भरलेला चार्ट आणि बिघाडाच्या जागी केलेला बदल, दोन्ही जोडलेले असतील तरच सही. पिन झिजलेली असेल तर शिकवण्याचा कागद दाखवू नका, नवी पिन दाखवा. माझं मूळ मत तेच आहे.